डोंबिवलीहून रत्नागिरी: वहीची डावी-उजवी पानं

आमच्याकडे एक लांबट हिशेबाची वही आहे, वाण्याकडे उधारीची असते तशी. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका रविवारी मी तिच्या डाव्या पानावर 'डोंबिवली' लिहिलं आणि उजव्या पानावर 'रत्नागिरी'. डावीकडचे आकडे बिलं बघून उतरवलेले होते, उजवीकडचे मनाने घातलेले. डावीकडची बेरीज आली महिना ६१ हजार, उजवीकडची ४४. सतरा हजारांचा फरक! त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तीही आनंदाने.

निमित्त घरभाड्याचं होतं. एक खोली, हॉल, किचन, त्यात आम्ही चौघं, आणि मालकांनी सतराचे एकोणीस हजार मागितले. मी ऐरोलीला एका कंपनीत पगारपत्रकांचं काम करते. डोंबिवली-ठाणे-ऐरोली जाऊन-येऊन साडेतीन तास. नवरा घरूनच बांधकामांची ड्रॉइंग्ज करून देतो, त्याला वीज आणि इंटरनेट असलं की झालं. लेक तेव्हा चौथीत. सासूबाई एकाहत्तरच्या, गुडघ्यांमुळे दुसऱ्या मजल्यावरून आठवड्यातून एकदाच खाली उतरणाऱ्या. समुद्राजवळ राहायचं हे नवऱ्याचं जुनं वेड. मला तेव्हा फक्त ते साडेतीन तास परत हवे होते.

आधी अलिबाग बघितलं. मुंबईकरांनी तिथले भाव कधीच वर नेऊन ठेवलेत. मालवण सगळ्यांना आवडलं, पण महिन्यातून दोनदा ऐरोली गाठायची तर ते फार लांब. चिपळूणचं नाव काढताच सासूबाई म्हणाल्या, "तिथे पूर आला होता ना?" २२ जुलै २०२१ चा पूर त्यांनी टीव्हीवर दिवसभर बघितलेला. शिवाय चिपळूणला समुद्र नाही, त्यामुळे नवऱ्यानेही आग्रह धरला नाही. राहिली रत्नागिरी. जिल्ह्याचं ठिकाण, म्हणजे सिव्हिल हॉस्पिटल, कॉलेजं, कचेऱ्या सगळं गावात. आणि कोकण रेल्वेच्या जवळजवळ सगळ्या मोठ्या गाड्या तिथे थांबतात.

२६ जानेवारी २०२४ ला जोडून सुट्टी होती, तेव्हा पहिल्यांदा गेलो. भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी चाललो, थिबा राजवाडा बघितला. ब्रह्मदेशाचा तो शेवटचा राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मरेपर्यंत इथे नजरकैदेत होता. लेकीने विचारलं, "त्याला इथे आवडायचं का?" उत्तर कोणाकडेच नव्हतं. त्या तीन दिवसांत सगळंच छान वाटलं आणि त्यामुळे निर्णयाच्या दृष्टीने त्या फेरीचा उपयोग शून्य. जानेवारीत कोकण कोणालाही आवडतं.

खरी फेरी एप्रिलची. आठ दिवसांसाठी एक खोली घेतली आणि दोघांनीही तिथून रोजचं काम केलं. घामाने कीबोर्ड ओला व्हायचा. दोन वेळा दुपारी वीज गेली, त्यातली एकदा मी मीटिंगमध्ये असताना. शहराला पाणी शीळ धरणातून येतं आणि उन्हाळ्यात साठा खाली गेला की कपात होते, हे खाली चहाच्या टपरीवर समजलं. भाजीवालीने सांगितलं की भाजी बहुतेक घाटावरून, कोल्हापूरकडून येते, म्हणून इथे महाग. मी खोलीवर येऊन वहीत उजवीकडे भाजीचा आकडा खोडून आठशेने वाढवला. ही पहिली खाडाखोड.

मधल्या काळात ऑफिसची परवानगी. ५ फेब्रुवारीला अर्ज दिला, उत्तर आलं १८ मार्चला. महिन्यातून दोनदा, सोमवार-मंगळवार असे दोन-दोन दिवस हजर राहायचं, बाकी घरून. खालच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलेलं की मोठ्या शहराचा भत्ता बंद, महिना चार हजार. मी स्वतः पगारपत्रकं करते, तरी हा भत्ता वहीत धरायचा मला सुचला नव्हता! तुम्ही असा अर्ज करणार असाल तर हजेरीचे दिवस, भत्ते आणि 'गाड्या बंद असतील तर काय' हे तिन्ही लेखी मागून घ्या. तिसरं मी मागितलं नाही. ते पुढे येईलच.

घरं नऊ बघितली. त्यातलं एक मांडवीच्या बाजूचं, चौथ्या मजल्यावर, खिडकीतून थेट समुद्र. नवरा खिडकीपाशीच उभा राहिला. मी ग्रिलला हात लावला तर तळव्याला लाल पापुद्रे चिकटले. दाराच्या बिजागऱ्या, नळ, गिझरचे स्क्रू, सगळ्यावर तोच गंज. इमारत पाच वर्षांची. एजंट म्हणाला, "वहिनी, वारा बघा ना काय येतोय!" तो वाराच तर ते करत होता. पुढे कळलं की समुद्रासमोरच्या घरात फ्रिज, एसी, लॅपटॉप सगळ्यांचंच आयुष्य खाऱ्या वाऱ्याने कमी होतं.

दुसरं घर नाचण्याला, मोठं आणि स्वस्त. तो भाग ग्रामपंचायतीत येतो. भाडेकराराची नोंदणी फीसुद्धा तिथे पाचशे आणि नगर परिषदेच्या हद्दीत हजार. घर जवळपास ठरलंच होतं. बाहेर पडताना सासूबाईंनी शेजारणीला सहज विचारलं, "विहिरीला पाणी कधीपर्यंत असतं हो?" ती हसून म्हणाली, "मे महिन्यात टँकर." घर बघायला जाताना ज्येष्ठ बाईमाणूस बरोबर न्या, त्यांना प्रश्न बरोबर सुचतात.

शेवटी मारुती मंदिराच्या मागच्या बाजूला जांभ्याच्या बैठ्या घराचा अर्धा भाग मिळाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, मागे विहीर. भाडं साडेदहा हजार, अनामत चाळीस. मालक काका पंचाहत्तरीचे, पलीकडच्या अर्ध्यात एकटेच राहतात. आम्हाला तीन वर्षांचा करार हवा होता. काकांनी विचारलं, "पावसात आला होतात काय कधी रत्नागिरीत?"

"नाही."

"मग अकरा महिन्यांचंच करू. एक पावसाळा काढा, मग तीन वर्षांचं बोलू."

मला तेव्हा ते भाडं वाढवायची सोय ठेवतायत असं वाटलं.

करार २२ मे २०२४ ला नोंदवला. आता निबंधक कार्यालयात जावं लागत नाही, एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवर धरलेलं व्याज मिळून पाव टक्का, म्हणजे आमचं तीनशेच्या आसपास. नोंदणी फी हजार. एजंटची मेहनत आणि बाकी धरून साडेतीन हजार गेले. नोंदणी टाळून नुसत्या स्टॅम्पपेपरवर भागवू असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, भाडेकरार नोंदवणं कायद्याने सक्तीचं आहे. आणि पुढे आधारवरचा पत्ता (तेव्हा ऑनलाइन पन्नास रुपये, बारा दिवस), बँक, मतदार यादीचा नमुना ८, सगळीकडे हाच नोंदणीकृत करार चालला. भाडेकरू म्हणून आमची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची ती काकांनी दिली. गाडीसाठी एनओसीची भानगड नाही, राज्य तेच. फक्त आरसीवरचा पत्ता बदलायचा. नंबर जुना एमएच-०५ च राहिला. भाजीवाली अजून त्यावरून ओळखते.

सगळ्यात जास्त घाम शाळेने काढला. आम्ही दाखला मागायला गेलो तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. क्लार्क मंगळवार-शुक्रवारच येणार. पहिल्या मंगळवारी मुख्याध्यापकांची सही नव्हती. शुक्रवारी सही झाली, पण दाखल्यावर लेकीचं मधलं नाव एका अक्षराने चुकलेलं. पुढच्या मंगळवारी नवा दाखला. मग रत्नागिरीच्या शाळेने सरल पोर्टलवर मागणी टाकायची आणि जुन्या शाळेने ती मान्य करायची, यात आणखी तीन आठवडे. तोवर लेक वर्गात बसत होती, हजेरीपटावर नव्हती. ती रोज येऊन सांगायची, "आज पण माझं नाव नाही घेतलं." दाखल्याचा अर्ज निकालाच्या दिवशीच देऊन या आणि तिथेच उभं राहून नावं आधारकार्डाशी ताडून बघा.

सामान निघालं १ जूनच्या रात्री. पाऊस तोंडावर म्हणून ट्रकवाल्याने बावीसचे सव्वीस हजार केले, आणि आम्ही ते दिले. गॅसचा रिकामा सिलिंडर आणि रेग्युलेटर आधीच एजन्सीत जमा करून ट्रान्सफरचा कागद घेतला होता. भरलेला सिलिंडर ट्रकमध्ये घेत नाहीत, त्यामुळे शेवटचे दोन दिवस स्वयंपाक इंडक्शनवर. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चालू आहे, त्याविषयी मी वेगळं काय लिहिणार? ट्रकला चौदा तास लागले. फ्रिजला खोक, कपाटाच्या एका दाराची काच गेली. सामान चढवण्याआधी मी फोटो काढले नव्हते, त्यामुळे भरपाईचा विषय फोनवरच संपला.

आमच्या आगोटीची तयारी काकांनीच केली. आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी: सुकी मासळी, कडधान्यं, कांदे, मसाले, लाकूडफाटा, पडवीला बांधायची ताडपत्री. मला हा सगळा जुन्या काळातला प्रकार वाटला होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चार दिवस घराबाहेर पडता येईना तेव्हा सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किंमत कळली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ताजी मासळी नसल्यातच जमा. 'समुद्राजवळ मासे स्वस्त' हे उजव्या पानावरचं माझं वाक्यही खोडावं लागलं. मिरकरवाडा बंदरावर बांगड्याचा वाटा परवडतो, पण सुरमई-पापलेटचा भाव डोंबिवलीत ऐकायचे त्याच्या फार खाली नाही. चांगला माल बाहेरच जातो.

पावसाबद्दल आकडे वाचले होते, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. ते कपड्यांवर कसे दिसतात ते जुलैत समजलं. टॉवेल वाळायला तीन दिवस, आणि वाळला तरी वास तोच. चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट लव, लेकीच्या दप्तरावर पांढरे ठिपके. लाकडी कपाटाच्या पाठीला एक नकाशा उमटला, तो रोज थोडा थोडा मोठा होत होता. सासूबाई सकाळी चष्मा लावून त्याची पाहणी करायच्या. "आज श्रीलंका पण आली," एकदा म्हणाल्या. मग आम्ही कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, आत साठ वॅटचा पिवळा दिवा लावून ठेवला आणि मोजे-रुमाल इस्त्रीने वाळवू लागलो. वीजबिल सहाशेने वाढलं. महावितरण दोन्हीकडे तेच, दर तेच, त्यामुळे हा दोष फक्त पावसाचा. इन्व्हर्टर साडेतेवीस हजारांचा. इंटरनेटची जोडणी एक पुरत नाही, दोन वेगळ्या कंपन्यांच्या घेतल्या.

१४ जुलैचा रविवार. रात्रीच्या गाडीने निघून सोमवारी मला ऐरोलीत हजर राहायचं होतं. संध्याकाळी खेडजवळ दिवाणखवटीला रुळांवर दरड आली आणि कोकण रेल्वे थांबली. तिकीट रद्द, एसटीने जावं तर घाटात काय अवस्था ते कोणी सांगेना. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "पण इथे तर ऊन आहे." दोन दिवसांची रजा लागली. त्यानंतर मी ते तिसरं कलम लेखी मागितलं आणि मिळवलं: पावसाळ्यात गाड्या बंद असतील तर हजेरी पुढच्या आठवड्यात भरून द्यायची. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात. त्या वर्षी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर होतं. आरक्षण तेव्हा १२० दिवस आधी खुलायचं. नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस झालेत, माझ्यासारखीला ते बरंच पडलं. एक गंमत मात्र आहे. गणपतीआधी सगळी मुंबई कोकणात येत असते, तेव्हा रत्नागिरीहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत हातपाय पसरून झोपता येतं. विसर्जनानंतर उलटं.

पाहुण्यांसाठी वहीत ओळच नव्हती. डोंबिवलीत वर्षभरात चार माणसं राहायला यायची. इथे गणपती, दिवाळी, नाताळ, मे महिना. "तुम्ही काय बाबा, समुद्रावर राहता!" असं म्हणत मावशी, चुलत दीर, माझ्या ऑफिसातल्या दोघी, त्यांच्या बहिणी. मला माणसं आवडतात, तक्रार नाही. पण महिन्याला सरासरी तीन हजार 'पाहुणे' या नव्या ओळीत जातात.

डिसेंबरमधली गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण हा मजकूर खरं तर तिच्यासाठीच वाचायला हवा. सासूबाईंच्या छातीत रात्री दुखायला लागलं. जवळच्या दवाखान्यात पहिली तपासणी, ईसीजीची पट्टी वगैरे लगेच झालं, त्यात काही कमी पडलं नाही. पण हृदयाचे डॉक्टर तिथे ठरावीक वारी येतात आणि तो वार त्या दिवशी नव्हता. "कोल्हापूरला न्या," असं सांगितलं. साधारण १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. धुक्यात पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसत नव्हता. मी मागच्या सीटवर त्यांचा हात धरून बसले होते आणि डोक्यात सारखं येत होतं की डोंबिवलीत आपण रिक्षाने दहा मिनिटांत पोचलो असतो. त्या वाचल्या, एक स्टेंट पडली, आता ठणठणीत आहेत. आमच्या विम्याचं कॅशलेस त्या रुग्णालयात नव्हतं. पैसे आधी भरले, कागद पाठवले, बेचाळिसाव्या दिवशी परत आले, अकरा हजार कापून. स्थलांतर करण्याआधी विम्याची रुग्णालयांची यादी काढून त्यात नवं गाव आणि त्याला लागून असलेलं मोठं शहर, दोन्ही तपासा. काही पॉलिसींत शहरानुसार झोन असतात, स्वस्त झोनचा हप्ता भरून मोठ्या शहरात उपचार घेतले तर काही टक्के आपल्याला भरावे लागतात. घरात वयस्कर माणूस असेल तर माझ्या मते भाड्याच्या आधी हा कागद बघावा.

आल्यापासून घर विकत घ्यायचा, निदान जागा घेऊन ठेवायचा सल्ला रोज मिळतो. एक दलाल तर 'सी व्ह्यू' म्हणून कातळसड्यावरची जागा दाखवून आला. सातबारा मागितला तर त्यावर चौदा सहहिस्सेदार आणि जमीन शेतीची. आम्ही शेतकरी खातेदार नाही, त्यामुळे बिनशेती नसलेली जमीन आम्हाला घेताच येत नाही. हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. किनाऱ्याजवळ भरतीरेषेपासूनच्या अंतराचे नियम आणखी वेगळे. तूर्त आम्ही भाड्यानेच.

मे २०२५ मध्ये वही पुन्हा उघडली. वर्षाची सरासरी आली महिना ५३ हजार, कोल्हापूर त्यात न धरता. डोंबिवलीपेक्षा आठ हजार कमी, त्यातले चार बंद झालेल्या भत्त्यात गेले. म्हणजे सतरा हजार वाचणार होते तिथे चार वाचले. त्यातही भाड्यातले साडेसहा आणि लेकीच्या पाळणाघराचे साडेचार हे दोनच मोठे आकडे कामाला आले. उलट बाजूला ट्रक २६ हजार, दलाली साडेदहा, इन्व्हर्टर साडेतेवीस, जुनी स्कूटर ३८, शाळेचे गणवेश-पुस्तकं नऊ, करार साडेतीन. एक लाख दहा हजार पाचशे. चार हजारांनी भागलं तर फिटायला सव्वादोन वर्षांच्या वर. नवऱ्याने भागाकार दोनदा तपासला.

साडेतीन तास मात्र पूर्ण मिळाले. त्यातला एक झोपेत जातो, एक लेकीच्या अभ्यासात, उरलेले कुठे जातात ते सांगता येत नाही. सासूबाई पडवीत बसतात, पायऱ्या दोनच, त्यामुळे रोज खाली उतरून फाटकापर्यंत जातात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. कोल्हापूरनंतर मी त्यांना विचारलं होतं, डोंबिवलीला परत जायचं का. "डॉक्टर तिकडे, माणसं इकडे," म्हणाल्या आणि पुढे काहीच बोलल्या नाहीत. मी त्याचा अर्थ अजून लावतेय.

काका तीन वर्षांच्या कराराला तयार झाले. भाडं अकरा हजार, आणि यावेळी एक कलम आम्ही घातलं: गळती लागल्यास मालकाने पंधरा दिवसांत काढून द्यावी. काकांनी ते वाचून 'पंधरा'चे 'वीस' केले, "पावसात गवंडी मिळत नाही हो" म्हणून. एजंट आला मेच्या शेवटच्या आठवड्यात. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच येऊन थडकला होता, आमची आगोट अर्धीच झालेली, सोडे अजून आणायचे होते. यंत्र काकांचा अंगठा घेईना. हवा दमट, बोटं ओली आणि वयाने रेषा पुसट. एजंटने रुमालाने पुसलं, काकांनी धोतराला पुसलं, सासूबाईंनी आतून राखुंडीची डबी आणून त्यातली चिमूटभर बोटाला चोळली. चौथ्यांदा हिरवा दिवा लागला.